चटणीवर फुटलेलं खापर

"हार्ट अटॅक आलाय तुला," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी म्हणालो, "मॅडम, नाव एकदा बघून घ्या. मी सत्तावीसचा आहे."

"वय वाचलंय मी," त्या म्हणाल्या आणि ईसीजीची पट्टी माझ्यापुढे धरली. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. मला त्यातलं काही कळलं नाही, पण सिस्टरची धावपळ कळली.

मी भंडाऱ्याकडचा. आठवीतून शाळा सुटली आणि फिरत फिरत सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात मागावर लागलो. महिनाभर छातीत जळजळत होतं. आमचा जॉबर इरण्णा, म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि आमच्यावर नजर ठेवणारा, सगळ्यांसमोर हसायचा. "तुमच्या भाताच्या पोटाला आमची शेंगाची चटणी झेपत न्हाय की!" मलाही ते पटलं. परक्या गावात आपलंच पोट नाजूक असणार. मी चटणी सोडली. मावा सोडला नाही.

मावा इरण्णाच आणायचा. सुपारी, तंबाखू, चुना घोळलेली पुडी. जेवायला कुणी माग सोडून जाऊ नये म्हणून तो स्वतःच्या हातानं आमच्या हातावर ठेवायचा. त्यानं भूक मरते, झोप मरते. मी त्याला मोठ्या मनाचा माणूस समजत होतो.

त्या दिवशी कळ डाव्या हातात उतरली, घामानं बनियन भिजलं. इरण्णा म्हणाला, "सोडा पी आन् मागावरचं कापड उतरव." सुताच्या कांड्या भरणाऱ्या पद्माक्का पलीकडून उठून आल्या. "चटणीनं हात दुखतो व्हय रे?" असं त्याच्या तोंडावर विचारून त्यांनी माझा माग बंद केला आणि मला रिक्षात घातलं. दवाखान्यात 'नातं काय' विचारलं, तर म्हणाल्या, "बहीण." मी आज लिहितोय ते त्यांच्यामुळे.

मग तपासण्या. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा पदार्थ. लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. मी काडीसारखा, मला कुठली चरबी? पण निघाली. अँजिओग्राफीत मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघतात. एक बंद होती, तिथं स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे जाळीची छोटी नळी.

मॅडमनी विचारलं, "वडील कशानं गेले?"

"चाळिशीत. बसल्या जागी कलंडले."

"तंबाखू, रात्रपाळ्या, जेवणाचा पत्ता नाही आणि वडिलांचं असं. याला रिस्क म्हणतात. धोका आधीच मोजता येतो. तुझा कुणी मोजला नाही."

मला भीती वाटत होती. दर ठोका मोजत पडायचो. पण खरं सांगतो, भीतीपेक्षा राग मोठा होता. इरण्णाला याच खाटेवर, याच वायरींत बघायचं, तोवर मरायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

तो आला, केळी घेऊन. गालात मावा. सोबत शेडमधला सिद्धू. "ऊठ की लवकर. तुजे माग बंद पडल्यात."

मी गोड आवाजात म्हणालो, "अण्णा, आलाच आहात तर तुमचंही तपासून घ्या."

"मला काय धाड भरल्या?"

"भ्याला की अण्णा!" सिद्धू हसला. मग इरण्णाला जावंच लागलं. मी परत येणाऱ्या पावलांची वाट बघत होतो. देवाकडे काय मागत होतो, ते लिहीत नाही.

इरण्णाचं सगळं नॉर्मल निघालं. बीपी, ईसीजी, साखर, सगळं. तो छाती फुगवून आला. मागं सिद्धू, तोंड पांढरं. गंमत म्हणून त्यानंही बीपी बघून घेतलं होतं. वाढलेला आकडा बघून सिस्टरनी दुसऱ्या हातावर पुन्हा पट्टा बांधला, तरी तेच. वय बावीस. जो चेहरा मला इरण्णाचा हवा होता, तो सिद्धूचा झाला होता.

मॅडम इरण्णाला म्हणाल्या, "आजचा रिपोर्ट चांगला आहे. हा मावा खायचा परवाना नाही." सिद्धूला म्हणाल्या, "एकदा मोजून ठरत नाही. उद्या परत ये." तो रोज आला. मीच खाटेवरून त्याला हाकलायचो, "जा, मोजून ये."

माझ्या वयाच्या पोरांनो, जळजळ हाताकडे, जबड्याकडे सरकली, घाम फुटला, तर सोडा पीत बसू नका. दवाखाना गाठा. बारीक आहोत म्हणून निर्धास्त राहू नका. आणि घरातली माणसं कशानं गेली, ते आईला विचारून ठेवा.

मॅडमनी परवानगी दिल्यावर मी कामावर परतलो, फक्त दिवसपाळी. पहिल्या दिवशी दुपारी इरण्णानं सवयीनं पुडी पुढं केली. मी डबा उचलला. तो सिद्धूकडे वळला. सिद्धूनं माग थांबवला आणि हात धुवायला गेला. त्याच्या मागून आणखी दोघं उठले.

"आरं, कापड कोण उतरवणार?" इरण्णा ओरडला.

कुणी वळलं नाही. आम्ही पद्माक्कांच्या शेजारी ओळीनं बसलो आणि डबे उघडले. राग हृदयाला बरा नाही, असं मॅडम म्हणतात. त्यांचं सगळं ऐकतो. पण त्या दिवशी इरण्णा पुडी धरून उभा होता आणि मी एकेक घास मुद्दाम सावकाश चावला.