बाशिंगाचा माड

बेळगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला गेले, तेव्हा मला जरा शिंगंच फुटली होती. साठ सालानंतरची गोष्ट. वनस्पतिशास्त्रासाठी नेच्यांचे नमुने वाळवून वहीत लावायचे होते. मे महिन्यात मसुऱ्याला घरी आले आणि आमच्याच माडांच्या बागेत ते मला पहिल्यांदा दिसले. जन्मभर तिथे वावरले होते, पण कधी पाहिले नव्हते.

पाटाकडेला हंसराज होता, विहिरीच्या चिऱ्यांत आणखी दोन जाती. खरी गर्दी मात्र विहिरीजवळच्या जुन्या माडावर. खोडाला वाळक्या, तपकिरी पानांचं बाशिंग, त्याच्या आडोशाला बारीक गोल पानांची वेल, वर पट्ट्यांसारखी लोंबणारी पानं. एकाच माडावर पाच तऱ्हा मोजल्या. पण पावसात नवी पानं फुटून त्यांच्या पाठीवर बीजाणूंचे ठिपके आल्याशिवाय नमुना पुरा होत नव्हता.

आमचे नारळ पाडणारा गडी वडिलांच्या वयाचा. पावसाआधी तो कोयत्याने खोडं साफ करायचा, पाय ठेवायच्या खाचा मोकळ्या करायचा. मी आडवी गेले. “या माडाला मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही,” घरातली बोली सोडून पुस्तकी मराठीत बजावलं.

“पावसात पाय घसारता गो बाय,” तो म्हणाला. मग त्याने कोयता कमरेला अडकवला. “बरा. तुझ्या शिक्षणाक होया तर ऱ्हवांदे. तू सांगशीत तेवा काढीन.”

श्रावणात मी चार दिवस घरी आले, शिडी लावून हवे तेवढे नेचे काढले, टिपकागदात दाबले आणि परत गेले. त्याला सांगायचं राहिलं. विसरले म्हणावं तर तेही खरं नाही; माझ्या लेखी ते सांगण्याजोगं कामच नव्हतं.

चतुर्थीच्या नारळांसाठी तो चढला आणि त्याच माडावरून पडला. कंबर मोडली, आता चढणं संपलं, असं वडिलांचं पत्र आलं. त्याच आठवड्यात माझ्या वहीला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. दोन दिवस मला जेवण गेलं नाही, पण वही मी जपून कपाटात ठेवली.

दिवाळीत त्याच्या घरी गेले. तो पडवीत बाजल्यावर पडून होता. त्याच्या बायकोने चहा पुढे ठेवला आणि ती आत गेली; मुलगा अंगणात कोयत्याला धार लावत होता. माफी मागायची म्हणून मी वाटभर वाक्यं जुळवली होती. मी तोंड उघडायच्या आधी त्यानेच विचारलं.

“बाय, तुझा काम झाला मां? आता माजो झील चढता. तुझो शब्द इल्याशिवाय त्या माडाक हात लावू नको, म्हणान सांगितलंय त्येका.”

“झालं,” मी म्हटलं. श्रावणातच झालं होतं, हे मात्र त्याला मी कधीच सांगितलं नाही.