घणमामा आणि ओली गादी

कारखान्यात त्याला सगळे घण म्हणायचे. आईबापांनी नाव ठेवलं होतं, नाही असं नाही, पण त्या नावानं हाक मारली तर तो वळून बघेल याची खात्री नव्हती. क्रेनचे आकडे ठोकून घडवायचं काम. लालबुंद लोखंडावर त्याच्यासारखा घाव दुसऱ्या कुणाला जमायचा नाही. वाईट एवढंच, की भट्टीच्या बाहेरही हात तसाच चालायचा. रांगेत घुसणाऱ्याच्या कानाखाली, कुत्र्याला दगड मारणाऱ्याच्या पाठीत, एकदा तर खुद्द मुकादमाच्या जबड्यावर. आधी लाथ, मग बात. बायको त्यापायीच माहेरी गेली ती गेलीच. जाताना म्हणाली, "माझ्या अंगाला तू कधी बोट लावलं नाहीस, खरंय. पण या भिंतींना किती पोचे पडलेत ते एकदा मोज."

त्याची थोरली बहीण वारली तेव्हा मागे एक मुलगी राहिली. पिटू. चणीनं एवढीशी, म्हणून पिटुकली, आणि पिटुकलीची पिटू. बाप ट्रकवाला. एका सुट्टीच्या सकाळी घण भाचीसाठी नवे बूट घेऊन गेला, तर पिटू अंगणात उभी. डोक्यावर ओली गोधडी, तिचं पाणी कानांवरून गळतंय, आणि बापाच्या हातात कमरेचा पट्टा. पोटऱ्यांवर वळ उठलेले. शेजारची पोरं कुंपणावर बसून "मुतरी, मुतरी" करून टाळ्या पिटत होती.

"रोज मुतते, रोज खाते," दाजी म्हणाला. "हिला दुसरी भाषाच कळत नाही, त्याला मी काय करू?"

घणानं बूट खाली ठेवले, पट्टा हिसकला, तोच दाजीच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि त्याचं तोंड भिंतीवर आपटलं. एकदा, मग आणखी एकदा. दाजीनं पट्ट्याचं टोक धरायला हात घातला, तर घणानं ते मनगट असं पिरगाळलं, की काटकी मोडल्यासारखा आवाज आला. कुंपणावरची पोरं पळाली. दाजी गुडघ्यावर बसून ओरडत राहिला, आणि घण भाचीला काखोटीला मारून चालता झाला. वाटलं, सुटली पोर!

कसली सुटते? आगीतून फुफाट्यात. बापाकडे निदान पट्टा होता. या मामाचे नुसते हातच काय करतात, ते तिनं अगदी जवळून पाहिलं होतं.

मामाच्या घरी पहिल्याच सकाळी गादी ओली. घण उठून बघतो तर पिटूनं चादर घडी करून स्वतःच डोक्यावर घेतलेली, दारात भिंतीकडे तोंड करून उभी, पोटऱ्या आवळलेल्या. वाट बघत होती. "ठेव ते खाली!" घण म्हणाला. म्हणाला कसला, गरजला. जन्मभर भट्टीवरच्या दणदणाटात काम करून त्याला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. पिटूनं चादर टाकली आणि तिथल्या तिथे पुन्हा फ्रॉक ओला केला.

त्यावर त्यानं उपाय काढला, आणि तो असा काढला की भट्टीवाल्यालाच सुचावा. भट्टीवर दिवसभर अंगातून घामाच्या धारा लागतात. म्हणून संध्याकाळी काम सुटलं की प्रत्येकानं मोठा मगभर मीठ-साखरेचं पाणी प्यायचं, नाहीतर रात्री पायांत गोळे येतात. जो पिणार नाही त्याला मुकादम टपली मारून पाजतो. घणाचा या मगावर इतका विश्वास, की डोकं दुखो, पाठ धरो, त्याचं औषध एकच. पोरीच्या अंगातलं पाणी रोज वाहून जातंय, मग ते भरायला नको? रोज जेवण झालं की तो तोच मग भरून तिच्या समोर उभा राहायचा. "संपव." आणि पिटू बिचारी भीतीनं शेवटचा थेंबसुद्धा संपवायची.

सकाळी गादी पिळून काढावी लागे. तर घण रात्री तो मग आणखी काठोकाठ भरायचा. माया होती हो, पण भीक नको, पण कुत्रा आवर अशी!

एक दिवस आकड्याखाली अंगठा चेचला म्हणून तो कारखान्याच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई नख काढत असताना, दुखणं विसरायला म्हणून, त्यानं सगळं सांगून टाकलं. मीठ-साखरेच्या मगाची गोष्ट निघाल्यावर बाईंनी चिमटा खाली ठेवला.

"अहो, रात्री? एवढ्याशा पोरीला?" त्यांना इतकं हसू आलं, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्या गंभीर झाल्या. "पाणी पाजा, पण दिवसा. रात्रीच्या जेवणानंतर घोटभरच. झोपायच्या आधी जाऊन यायचं. पोट रोज साफ होतं का, ते बघा. ओलं झालं तर चादर बदलायची, बस. मारायचं नाही, चिडवायचं नाही. मुद्दाम कुणी करत नाही हो ते. आणि तिला विचारा, रात्री लागते तेव्हा जाग येते का."

त्यानं विचारलं. जमेल तितकं हळू विचारलं.

"येते कधीकधी," पिटू म्हणाली. संडास बाहेरच्या बोळाच्या टोकाला होता. तिथे एकटीनं जायची तिला भीती वाटायची.

"मग मला उठवत का नाहीस?"

पिटूनं त्याच्या हातांकडे बघितलं. "झोपलेल्या माणसाला उठवलं की तो मारतो."

घणाला वाटलं, गादी वाळवता येते. पण ही पोर अंधारात जागी पडून राहते, दात आवळते, आणि मार खायचा तो सकाळी खाऊ म्हणून थांबते, याचं काय करायचं? ओलं झालं तर होवो, पण हिनं मला उठवलं पाहिजे. त्याला आता तेवढंच हवं होतं.

मग रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. घण खाटेवर पडून खोटं घोरायचा, पिटूनं त्याला उठवायचं. ती झाडूच्या दांड्यानं त्याच्या तळव्याला टोचायची आणि धूम दाराबाहेर. "उठलो बघ, हसलो बघ!" तो ओरडायचा. बोळात त्यानं दिवा लावून घेतला. रात्रीचा तो मगभर पाण्याचा रतीब बंद झाल्यापासून काही सकाळी गादी कोरडी निघू लागली. पण रात्री तिनं त्याला एकदाही उठवलं नाही.

आणि एका संध्याकाळी दाजी आला. मनगट जुळलेलं, डोळे तांबारलेले, हातात टायर खोलायची लोखंडी पहार. "साल्या, माझी पोर पळवतोस?" म्हणत त्यानं पहिला वार घणाच्या खांद्यावर घातला. दुसऱ्याला पहार घणाच्या हातात आली. त्यानं दाजीला खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला, आणि पहार डोक्याच्या वर नेली. लोखंडावर घाव घालताना नेतो तशीच, पूर्ण. दाजी हात जोडायला लागला.

तेव्हा त्याला खाटेआड पिटू दिसली. तिच्या पायांखाली पाणी पसरत होतं, भर उजेडात. आणि ती बापाकडे बघत नव्हती. मामाच्या उगारलेल्या हाताकडे बघत होती.

घणाचा हात तिथंच लटकला. आपण तिला कुणापासून सोडवून आणली आणि कुणाच्या घरात ठेवली, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि स्वतःची लाज वाटली. त्यानं पहार दारातून रस्त्यावर भिरकावली. उठला, दारात जाऊन उभा राहिला, आणि चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"पोर मिळणार नाही, दाजी. काय करायचं ते कर."

दाजीनं केलं. भुवई फोडली, दात पाडला, पोटात लाथा घातल्या. गालावर एवढी टेंगळं आली की डोळा मिटला. घणानं चौकट सोडली नाही. शेजारपाजारी राहणारी भट्टीवरची माणसं आरडाओरडा ऐकून धावत आली, तोवर दाजीच दमला होता. रक्ताचे हात विजारीला पुसत तो म्हणाला, "ठेव तुझ्याकडेच ती मुतरी. माझी गादी तरी कोरडी राहील." आणि गेला. पुन्हा आला नाही.

माणसं घणाला दवाखान्यात न्यायला लागली, तर तो म्हणाला, "थांबा जरा." आधी त्यानं फडकं घेऊन खाटेआडचं पाणी पुसलं, पिटूचा फ्रॉक बदलला. ते करताना तो रडत होता, अगदी मोठ्यानं, चारचौघांत. पिटू त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.

त्या रात्री घरी परतल्यावर औषधाच्या गुंगीत तो मेल्यासारखा झोपला होता. फाडकन सुजलेल्या गालावर चापट बसली.

"आई गं!" तो किंचाळून उठून बसला.

पिटू उशाशीच उभी होती, कमरेवर हात ठेवून. मागे सरकली नाही. "कधीची हाका मारतेय! किती घोरतोस रे मामा? मला लागलीय!"

घण कण्हत उठला. ती त्याचा चांगला अंगठा धरून बोळातून पुढे निघाली, आणि तो लंगडतोय हे बघून खेकसली, "चल ना लवकर!"