मधले नऊ मणी

थोरल्या जाऊबाईंना मी ताई म्हणायचे. लग्न होऊन घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "सुईत दोरा ओवता येतो का गं? नुसतं हो म्हणू नकोस, ओवून दाखव." मणी ओवायची सुई म्हणजे केसाएवढी बारीक. मी एका दमात ओवून दाखवला. त्या लगेच सासूबाईंना म्हणाल्या, "ही माझ्याकडे. भाज्या मी निवडून देईन, पण हिचे डोळे मला हवेत." सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे दोघीही कामातून गेल्या." तेव्हापासून सव्वीस वर्षं मी ताईंच्या समोर बसून मणी ओवले.

आमची कामाची खोली मागच्या अंगाला होती. एक लांब टेबल, दोन खुर्च्या, मोठी खिडकी आणि भिंतीवर बाटल्यांच्या फळ्या. बारीक काचेच्या मण्यांच्या शंभरावर बाटल्या. रंगांना आमची अशी नावं होती की कुठल्या दुकानात सांगितली असती तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. एक पिवळा होता, तो 'शिळं ऊन'. एक तपकिरी, तो 'हेडमास्तरांचा कोट'. एक फिकट जांभळा होता, त्याला ताई 'सासूबाईंचा राग' म्हणत, आणि सासूबाई दारात आल्या की तोच रंग मोठ्याने मागत.

ताई वर्षाला चारच माळा करत. पालवीची, उन्हाची, पावसाची आणि पानगळीची. करायच्या आधी आठवडाभर त्या मण्यांना हात लावत नसत. आमच्या गल्लीच्या टोकाला टपालपेटी होती आणि तिच्या शेजारी एक मोठं झाड. तिथल्या कट्ट्यावर जाऊन बसत. पोस्टमन पेटी उघडायला आला की म्हणे, "काकू, आज तुमचं पत्र नाही हो." ताई म्हणत, "माझं आलंय. तुम्ही तुमची वाटा." मग एके दिवशी दुपारी येत, मखमलीचा तुकडा पसरत आणि बाटल्या काढायला लागत. कागदावर कधी काही रेखाटलं नाही. पहिली माळ, म्हणजे मूळ माळ, त्या स्वतः ओवत. तिच्यावरून पुढच्या अकरा माळा मी करायच्या. पण त्याआधी मूळ माळ तपासायची, तेही माझंच काम. मणी न् मणी बोटाखालून घालवायचा, आणि कुठे चुकीचा मणी आला असेल तर दोरा कापून तिथपर्यंत उसवायचं आणि नीट ओवायचं. हा त्यांनीच घालून दिलेला नियम. दुसरा नियम, उसवलेले मणी लगेच आपापल्या बाटलीत परत गेले पाहिजेत. "वाटीत ठेवलेस की घरभर होतात, मग जेवणात सापडतात," असं त्या म्हणत.

ताईंचा स्वभाव तोंडाळ, पण आतलं म्हणून काही त्या तोंडाने बोलत नसत. मोठे दीर गेले त्या वर्षीची पावसाची माळ त्यांनी सबंध एकाच निळ्याची केली आणि मानेमागे, जिथे कुणाला दिसणार नाही, तिथे एक पांढरा मणी घातला. मी तपासताना थांबले. विचारलं, "ताई, हा पांढरा?" त्या म्हणाल्या, "राहू दे." एवढंच. पण मला समजलं होतं, आणि मला समजलं हे त्यांनाही समजलं होतं. संध्याकाळी त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या ताटातलं वाढलं.

एवढं माहीत असूनही माझ्या हातून पुढचं घडलं, म्हणून हे लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी ताईंचं काम चुकायला लागलं. उन्हाच्या माळेत हेडमास्तरांच्या कोटाच्या जागी जांभळा आला. मी काही न बोलता बदलला. पावसाच्या माळेत दोन निळे एकमेकांत मिसळले, तेही मी निस्तरलं. चहा कपाच्या बाहेर जायचा आणि त्या कपालाच बोल लावायच्या. बोलताना माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या कानाकडे बघायच्या. मी म्हणायचे, वय झालं. साठीच्या पुढे कुणाचं होत नाही? सांगितलं तर हाय खातील, त्यापेक्षा आपण सांभाळून घ्यावं. देवाने आपले डोळे शाबूत ठेवलेत ते कशासाठी, असंही मला वाटायचं. आता वाटतं, त्यात थोडा तोराही होता.

मग पानगळ आली. त्या वर्षी ताई आठवड्याऐवजी तीन आठवडे कट्ट्यावर बसल्या. माळ ओवायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले तर माळ माझ्या जागेवर ठेवलेली, नीट गोल करून. ताई खिडकीशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "झाली बघ. सावकाश बघ." आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मी माळ उचलली. दोन्ही बाजूंनी पानगळीचे रंग सुरेख उतरत आले होते, शिळं ऊन, गंज, तांबूस, विटकरी. आणि बरोबर मध्ये, जिथे सगळ्यात उठावदार लाल यायला हवा, तिथे राखाडी मणी. नऊ का दहा. तेही एकसारखे नाहीत, कुठे मळकट, कुठे धुरकट. त्यांच्या शेजारचे रंगही कडेला फिकटलेले. मला गलबलून आलं. म्हटलं, आता लाल आणि राखाडीतही फरक कळत नाही बाईंना. दार लोटून घेतलं, दोरा कापला, मधला भाग उसवला आणि तिथे नऊ लाल मणी ओवले. मोठा, भरदार लाल. राखाडी मणी ज्या त्या बाटलीत टाकले. सगळं मिळून अर्धा तास लागला नसेल.

दुपारी ताईंनी विचारलं, "बघितलीस?"

"बघितली."

"मग?"

"छान झालीय, ताई."

"छान म्हणजे काय गं?"

"म्हणजे नेहमीसारखी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि माझ्या कानाकडे बघत राहिल्या. मी मान खाली घालून दुसरी माळ ओवायला घेतली. पुढचे काही दिवस त्या गप्प गप्प होत्या. मी समजले, दमल्या असतील.

महिन्याने प्रदर्शन होतं. एका शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली. पानगळीच्या बाराही माळा दुपारपर्यंत गेल्या. शेवटची एका चष्मेवाल्या बाईंनी घेतली. आरशात बघत त्या म्हणाल्या, "मधला लाल काय खुलतोय हो! असं वाटतं दिवा लावलाय."

ताई माझ्या शेजारी खुर्चीवर होत्या. म्हणाल्या, "लाल कुठला?"

"हा काय, मधोमध. तुमचीच ना माळ?" बाई हसल्या. "केली आणि विसरलात वाटतं!"

"वय झालं," ताई म्हणाल्या. बाई पिशवी घेऊन निघून गेल्या, गर्दीत कुठे गेल्या कळलंही नाही. ताई टेबलावरची घडी केलेली मखमल पुन्हा उलगडून पुन्हा घडी करत राहिल्या. मी म्हटलं, "ताई, मध्ये राखाडी आला होता. चुकून. मी बदलला, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"मूळ माळेतला?"

"हो."

"मूळ माळ कुठाय?"

"तीही गेली. सकाळीच."

घरी आल्यावर चप्पल काढता काढता, भिंतीला हात टेकून, त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यातच त्या एकट्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. डोळ्याच्या आतला पडदा खराब होत चालला होता, ऑपरेशनचा उपयोग नव्हता. समोर बघितलं की मधोमध राखाडी डाग दिसायचा. जे बघायला जावं तेच पुसलेलं, आणि रंग सगळे कडेला.

"झाडाकडे बघितलं की मध्ये झाड नाही," त्या म्हणाल्या. "कडेने पानं पडताना दिसतात. तेच ओवलं होतं. म्हटलं, धाकटी बघेल, विचारेल काय हो हे, मग सांगीन. कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या जागेवर ठेवली होती ना मी?"

"मला वाटलं चुकलंय, ताई. आधी दोनदा..."

"त्या दोन वेळा चुकलंच होतं. तू बदललंस ते कळलं होतं मला. बरंही वाटलं होतं." मग आत जाता जाता म्हणाल्या, "पण एवढे मणी ओळीने कुणी चुकतं का गं?"

मी देवापुढे जाऊन बसले, पण हात जोडले गेले नाहीत. काय मागणार? सव्वीस वर्षं त्यांच्या समोर बसले, आणि त्यांनी आयुष्यात एकदाच मला स्वतःहून काही सांगितलं, ते मी कात्रीने कापून बाटल्यांत भरून टाकलं.

दुसऱ्या दिवशीच मी म्हटलं, "ताई, ती माळ पुन्हा करू. तुम्ही सांगा, मी ओवते." त्या नको म्हणाल्या. मी रोज म्हणत राहिले. अखेर पालवी फुटायच्या सुमाराला त्या एका सकाळी टेबलाशी येऊन बसल्या. तोवर डाग वाढला होता. बाजूचे रंग मला पाठ होते, अकरा वेळा ओवले होते ना. प्रश्न मधल्यांचा होता.

"किती होते?" त्यांनी विचारलं.

"नऊ. नाही, दहा असतील." मी लाल नऊ घातले होते म्हणून नऊ आठवत होते.

"पहिला कुठला होता? मळकट की धुरकट?"

मला आठवेना. कितीही आठवलं तरी नुसता राखाडी ठिपका डोळ्यांपुढे येई. मी ते मणी बघितलेच नव्हते, फक्त चुकलेत एवढंच बघितलं होतं. राखाडीच्या आमच्याकडे चौदा बाटल्या. एकेका बाटलीतला मणी तळहातावर घेऊन मी त्यांच्या डोळ्याच्या कडेला धरत गेले. "हा?" "नाही." "हा?" "नाही गं. पाटी ओल्या फडक्याने पुसली की मध्ये राहतं ना, तसा होता." मी पुढचा धरला. त्यांना आता सगळे सारखेच दिसत होते, हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. तरी आम्ही चौदाही बघितले. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एका मण्याला त्या म्हणाल्या, "हा असेल." तो राखाडी नव्हता, चुकून मिसळलेला फिकट हिरवा होता. मी तोच ओवला. पुढचे आठही त्यांनी हात लावला त्या बाटलीतून ओवले. या वेळी एकही मणी बदलला नाही.

माळ पुरी झाली. मी शेवटची गाठ मारून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांखालून एकदा घालवली, मध्ये थांबल्या.

"तशीच झाली?" त्यांनी विचारलं.

"हो, ताई."

"लगेच हो म्हणालीस," त्या म्हणाल्या, "म्हणजे नाही झाली."

मग दोऱ्याचं टोक चाचपून त्यांनी माझी कात्री मागून घेतली, गाठीखाली दोरा स्वतःच कापला, आणि मणी मखमलीवर सांडून दिले. "भर बाटल्यांत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मी भरायला लागले. त्या उठून, टेबलाची कड धरत धरत, बाहेर गेल्या. त्यानंतर त्या खोलीत आल्या नाहीत.