वाळवंटातला सरळ रस्ता आणि माझा आवाज

“कॅन्सर आहे, पण भला कॅन्सर आहे,” कुवेतच्या हॉस्पिटलातल्या इजिप्शियन डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. भला म्हणे! मी खुर्चीत बसल्या बसल्या घामाघूम.

मानेतल्या गाठीची एफएनएसी झाली होती, म्हणजे सुईने पेशी काढून केलेली तपासणी. आता थायरॉइड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, काढायची होती. “बऱ्या व्हाल. पण आवाजाची नस तिथेच चिकटून असते. धक्का लागला तर आवाज बसेल, क्वचित कायमचा.”

कॅन्सरला घाबरले नाही एवढी या वाक्याला घाबरले! मी इथल्या रिग्गई भागातल्या नर्सरीत बाई, आणि आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधला शास्त्रपाठ वाचणारी. कुवेतमध्ये रविवार कामाचा, म्हणून आमची उपासना शुक्रवारी. कुणाकडे मयत झाली की यशया संदेष्ट्याचा सांत्वनाचा अध्याय मीच वाचायचा, हे ठरलेलं. मी तो असा रडवेल्या सुरात वाचायचे की कोरडे डोळेही भिजत. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू!

ऑपरेशन झालं. शुद्धीवर येऊन हाक मारली, तर तोंडातून नुसती हवा. लॅरिंगोस्कोपी केली, नाकातून बारीक नळी घालून स्वरतंतू बघतात. डावा हलत नव्हता. “वाट बघा. कुजबुजूसुद्धा नका, ताण पडतो.”

तिसऱ्या दिवशी आमचे हे पलंगाशी बसले आणि पवित्र शास्त्रातला नेमका तोच अध्याय उघडला. मी मोबाइलवर टाइप केलं, “अहो, मी अजून जिवंत आहे!”

हे रस्त्याच्या कामावर फोरमन. वाचायला लागले तेही साइटवर कामगारांना हाक मारतात तशा आवाजात. दऱ्या भरून निघतील, डोंगर खाली येतील, या अर्थाच्या ओळींशी आले आणि थबकले.

“अगं सुमन! हे तर आमचं काम! खड्डा भरा, उंचवटा कापा, लेव्हल घ्या! तेही वाळवंटात! बाबेल, म्हणजे बॅबिलोन, कुठे आलं? इथून वर, इराकात. तिथे कैदेत अडकलेल्या माणसांना घरी न्यायचा रस्ता आहे हा. एवढी आनंदाची बातमी, आणि तू इतकी वर्षं रडत काय वाचतेस?”

अख्खा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. नर्सने यांना दटावलं. मला आधी राग आला, मग अंगावर काटा आला. खरंच की! पुढे तर संदेष्ट्याला ओरडून सांग म्हणतात, आणि तो विचारतो, काय ओरडू? त्याचंही माझ्यासारखंच झालं होतं! मी इतकी हसले की टाके दुखले.

मग व्हॉइस थेरपी, म्हणजे आवाजाचे व्यायाम. ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉने बुडबुडे काढायचे, रोज, कंटाळा येईपर्यंत. सहाव्या आठवड्यात पुन्हा नळी घातली आणि डॉक्टरीणबाई ओरडल्या, “मबरूक! अभिनंदन! तंतू हलला!”

तुमच्यापैकी कुणावर ही पाळी आली तर ऑपरेशनआधीच आवाजाबद्दल विचारा, लाजू नका. आणि नंतर धीर धरा. माझा आवाज परतला तो फाटका, पण परतला. देवाची आणि त्या डॉक्टरीणबाईंची मी ऋणी आहे.

पुढच्याच शुक्रवारी पाळकसाहेबांना म्हटलं, आज कुणाची मयत नाही, तरी तोच अध्याय वाचते. पहिल्या बाकावर साळवेमावशी होत्या. गेल्या वर्षी त्यांचे मालक गेले, तेव्हा इथल्या स्मरणसभेत मीच रडत वाचलं होतं. दफन नगरला झालं. तेव्हापासून त्या इथे मुलाकडे होत्या. तिथल्या घराचं कुलूप एकटीने उघडायचा धीर होत नव्हता.

सवयीने पहिली ओळ रडवीच निघाली. मागे उभ्या असलेल्या यांनी हात हलवला, रोलर पुढे घ्यायला सांगतात तसा. मी मान वर केली आणि बातमी सांगावी तसं धडाधड वाचलं. आवाज चार ठिकाणी चिरकला. चिरकू दे!

उपासना सुटल्यावर मावशींनी माझा हात धरला. “फाटलाय गं तुझा आवाज,” त्या म्हणाल्या. मग हात न सोडताच, “मला नगरला जायचंय. तिकीट काढून देशील?”

“काढते की!” मी ओरडलेच. पार शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.