बायकांची सोय नसलेली फ्रिगेट

एका युद्धनौकेची मी उभी हयात चाकरी केली, तीही घाटाच्या वर, बंगळुरात बसून. फ्रिगेट म्हणजे मधल्या आकाराची लढाऊ नौका. तिच्या डोलकाठीवर जे रडार गरगर फिरायचं ते आमच्या कारखान्यात बनलं. त्याची निम्म्याहून अधिक जुळणी माझ्या हातची होती. मी मूळची निपाणीची, त्यामुळे समुद्राशी संबंध शाळेच्या सहलीपुरता. पण ते रडार एकदा तरी भर समुद्रात फिरताना बघायचं, एवढं मात्र मी पहिल्या दिवसापासून मनाशी धरून होते.

नौका पहिल्यांदा पाण्यात सोडतात तेव्हा बाईच्या हातून नारळ वाढवतात, अशी नौदलाची रीत. कुणा बड्या साहेबांच्या पत्नीने तो मान घेतला. आम्ही कँटीनमध्ये टीव्हीवर पाहिलं, टाळ्या वाजवल्या, म्हैसूरपाक खाल्ला. पुढे रडार नौकेवर चढलं आणि समुद्रातल्या चाचण्या ठरल्या. कारखान्यातून एक इंजिनियर सोबत जाणार होता. तो इंजिनियर मीच, याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती.

साहेबांनी बोलावलं आणि कॉफी मागवली. आमचे साहेब स्वतःहून कॉफी मागवत तेव्हा वाटाण्याच्या अक्षता ठरलेल्या असत.

“शिपवर लेडीजची सोय नाही, मॅडम. टॉयलेटचा प्रॉब्लेम. स्वल्प समजून घ्या.”

माझ्याऐवजी गेला तो आमच्या सेक्शनमधला एक तरुण. मळमळतं म्हणून म्हैसूरच्या बसमध्येही खिडकी अडवून बसणारा. नौका सुटायच्या आधी धक्क्यावरून त्याचा फोन आला, “मॅडम, सगळेच लाल दिवे लागलेत, काय करू?” काय करायचं ते मी सांगितलं, त्याने केलं आणि परत येताना नौकेचं चिन्ह असलेली टोपी भेट म्हणून आणली. ती घालून तो महिनाभर कँटीनमध्ये टेंभा मिरवत होता. समुद्र कसा होता म्हणून विचारलं, तर म्हणाला, बराच वेळ आडवाच होतो.

मग नौका नोकरीला लागली. चाच्यांच्या मागावर गेली, वादळात उद्ध्वस्त झालेल्या किनाऱ्यावर पाणी नि औषधं पोचवून आली, परदेशी बंदरांत बँड वाजवून आली. पेपरात हे सगळं छापून यायचं आणि साहेब कात्रणं नोटीस बोर्डावर लावायचे. मला तिचा पराक्रम लाकडी खोक्यांतून कळायचा. प्रत्येक मोहिमेनंतर रडारमधली बिघडलेली इलेक्ट्रॉनिक कार्डं खोक्यांत भरून ट्रकने घाट चढत आमच्याकडे येत. चाच्यांच्या मोहिमेतली कार्डं मिठाने पांढरी पडली होती. मदतकार्यावरून आलेल्या एका डब्यात झुरळांनी बिऱ्हाड थाटलं होतं. परदेशवारी करून आलेल्या पॅनेलच्या बिघाडाचं कारण अहवालात ‘आर्द्रतेचा परिणाम’ असं दिलं होतं. आर्द्रतेला साखर आणि वेलचीचा वास असतो, हे मला तेव्हा समजलं. मी ती आर्द्रता पुसली, कार्डं बदलली आणि खोकं परत पाठवलं. शूर म्हणून सत्कार झाला तो नौकेचा.

दर मोठ्या दुरुस्तीनंतर पुन्हा चाचण्या होत, पुन्हा मी विचारी, पुन्हा कॉफी येई. मधल्या काळात नौदलाने बायकांना अधिकारी म्हणून नौकांवर घ्यायला सुरुवात केली. मी नाचतच साहेबांकडे गेले. साहेब बदलले होते, कॉफी तीच होती. हे नवे साहेब म्हणाले, “त्या युनिफॉर्मवाल्या, मॅडम. आपण सिव्हिलियन.” जणू सिव्हिलियन बाईला वेगळ्या प्रकारचं पोट असतं.

जे. पी. नगरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं राहतं. दोघंही आयटीत. एका रविवारी त्यातली बायको, मी तिला सूनबाईच म्हणते, मोबाईल नाचवत खाली आली. तिचा धाकटा दीर नौदलात अधिकारी, आणि नेमका आमच्याच फ्रिगेटवर.

“काकू, यू मस्ट सी! डे अ‍ॅट सी होता, फॅमिलीजसाठी. शिपवरून अख्खा दिवस समुद्रात फिरवलं. सो मच फन!”

फोटोंत ती होती, दोन पोरं होती, छोले-पुरीच्या ताटल्या होत्या. तिच्या सासूबाई, म्हणजे त्या अधिकाऱ्याची आई, हातात काठी घेऊन डेकवर ऐटीत उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यामागे, वर, माझं रडार.

“बायका होत्या का गं बऱ्याच?”

“अहो, बायकाच जास्त!”

“आणि टॉयलेट वगैरे?”

“एकदम क्लीन, काकू!”

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोटो मी साहेबांसमोर धरला. साहेबांनी चष्मा वर केला, फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि काठीवर येऊन थांबले.

“पण मॅडम,” ते म्हणाले, “त्या फॅमिली आहेत.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं या माणसांनी माझ्या तोंडाला पानं पुसली आणि मी ती कॉफी पीत राहिले! माझी निवृत्ती जवळ आली होती, नौकेची त्याहून जवळ. पुढच्या वर्षी तिचा शेवटचा डे अ‍ॅट सी ठरला. सूनबाईच्या नवऱ्याला ऑफिसमुळे जमेना, तेव्हा त्याच्या जागी मी पाहुणी म्हणून माझं नाव घालून घेतलं. साहेबांकडे रजेचा अर्ज टाकला, घरगुती कारण लिहिलं आणि घाट उतरून बंदरावर गेले.

डेकवर दोरी बांधून आम्हा पाहुण्यांना एका बाजूला ठेवलं होतं. हातात छोले-पुरीची ताटली. एक कोवळा अधिकारी माईकवर माहिती देत होता. “वर फिरतंय ते रडार,” एवढं बोलून तो तोफेकडे वळला, कारण पोरांना तोफ हवी होती. मी मात्र मान वर करून बघत राहिले. कारखान्याच्या गच्चीवर ते फिरताना मी कितीदा तरी पाहिलं होतं, समोर पाण्याची टाकी नि नारळाची झाडं. इथे चहूकडे नुसतं पाणी, आणि ते शांतपणे, न अडखळता फिरत होतं. मला रडू कोसळलं. आनंद होता आणि भयंकर रागही होता.

“बोट लागली का हो तुम्हाला?” शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंनी विचारलं आणि पर्समधून आवळासुपारीची डबी काढली.

“नाही हो. ते वर फिरतंय ना, ते मी केलंय.”

त्यांनी उन्हासाठी कपाळावर आडवा हात धरून वर पाहिलं. मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या ताटलीकडे.

“अगंबाई! मग तुम्ही इथे आमच्यात काय करताय?”

माझ्या उत्तराची वाट न बघता त्या काठी टेकत दोरीपाशी गेल्या आणि पलीकडून जाणाऱ्या आपल्या मुलाला त्यांनी हाक मारली. “अरे, या काकूंनी केलंय ते वरचं! त्यांना आत घेऊन जा, ते जिथून चालवता तिथे. बघू दे त्यांना.”

पोरगा चांगल्या वळणाचा. त्याने मला वाकून नमस्कार केला.

“आई, आत फॅमिलीला नेता येत नाही गं. फक्त ड्यूटीवरची माणसं,” तो म्हणाला. मग माझ्या ताटलीत डोकावून त्याने आपुलकीने विचारलं, “काकू, गरम पुऱ्या आल्यात, घेतल्यात ना?”