मावशींची शेगडी
बिटकॉइन फारसं कुणाला ठाऊक नव्हतं त्या काळात, थंडीतल्या एका सकाळी कामशेतला आमच्या यंत्रांच्या भाराने डीपी उडाला आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. बिटकॉइन मिळवणारी ती यंत्रं आम्ही तिघे मित्र भाड्याच्या खोलीत चालवत होतो. आवाज आणि धग लपत नव्हती, म्हणून घरमालकीण मावशींना अंडी उबवतो असं सांगितलं होतं. खरं कळलं तर खोली जाणार होती. खिडक्यांत पंखे बसवलेले, दार एकच. तापलेल्या धुळीच्या वासात आम्ही आतून कडी लावून उभे राहिलो. दार वाजलं. “आरं, उघडा की! पिल्लं गारठून मरत्याल. शेगडी आणलीया.” “नको मावशी, आत ऊब आहे,” एक मित्र म्हणाला. “लाइट न्हाई तर ऊब कशाची? आन् इतकी अंडी उबवता, एक बी पिल्लू कसं चिवचिवलं न्हाई?” बाहेर गल्ली हसली. कुणी गोधडीही आणली होती. निखाऱ्यांचा धूर दाराखालून आत यायला लागला, तेव्हा मी कडी काढली. मावशींनी शेगडी उंबऱ्यापाशी ठेवली आणि यंत्रांच्या रांगेकडे पाहिलं. “ही व्हय पिल्लं?” त्याच आठवड्यात आम्ही खोली सोडली. परवा तिकडून जाताना आत डोकावलो. तिथे मावशी आता खरोखरच अंडी उबवतात.