शेवटच्या गाण्यातली हाक

मुलीनं मला त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकलं तेव्हाच बजावलं होतं, की आई, तू नुसतं वाच, मधे बोलू नकोस. जशी काही मी गावभर भांडणं उकरत फिरते. ग्रुप होता आमच्या गोडादरा वस्तीतल्या पोरांच्या बँडच्या चाहत्यांचा. ही पोरं आमच्याच गल्लीत वाढली. आमच्या अहिराणी गाण्यांना त्यांनी गिटार आणि ड्रम जोडले, आणि आता पुण्या-नाशकाकडची मुलंसुद्धा त्यांच्यावर जीव टाकतात. ज्या गाण्यांची आमच्या मुलांना चारचौघांत लाज वाटायची, तीच आता कानात बोंडं घालून ऐकतात. ऐकू देत बापडी.

त्यांच्या पहिल्या अल्बममधली सगळी गाणी स्टुडिओतली. फक्त शेवटचं कार्यक्रमातलं, कानबाईच्या सणाला संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मांडव घालून गायलेलं. त्या गाण्यावरनं ग्रुपमध्ये रोज जुंपायची, कारण ते मधेच बिघडतं. आधी ताल डळमळतो, मग जवळजवळ थांबतो, आणि त्या शांततेत एक माणूस गळा फाडून ओरडतो. मग गाणं कसंबसं सावरतं आणि पुढे असं काही उसळतं की विचारू नका. ओरडणारे ते आमचे हे.

झालं होतं असं. मांडवाच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा, कापड विणायच्या मागांचा, कारखाना. कानबाईची सुट्टी आम्हा खान्देशी लोकांना. ओडिशाकडचे कारागीर मशिनी चालवतच होते. रेकॉर्डिंगवाल्या पोरांनी मांडवातले पंखे बंद करायला लावले, रडणारी मुलं घरी पाठवली, एक कुत्रं हाकललं. पण लूमची खटखट कुणाच्या ध्यानातच आली नाही. येणार कशी? आम्ही त्या खटखटीत जेवलो, झोपलो, बाळंत झालो. ती चालू असली की आम्हाला सगळं शांत वाटतं. ड्रम वाजवणारा पोरगाही न कळत तिच्यावरच ताल धरून बसला होता. आणि लाईट गेली. बँडचं सामान जनरेटरवर होतं, ते चालू राहिलं. लूम मात्र एका दमात गप्प झाले, त्याबरोबर ताल सुटला, आणि पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली.

नेमके तेव्हाच हे ओरडले. जन्म लूमवर गेलेला, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. दवाखान्यात, बँकेत, देवळात, सगळीकडे एकच पट्टी. मी पुढे बायकांत बसलेले, हे मांडवाच्या मागच्या टोकाला उभे. "माले भूक लागनी वं, चाल घर!" कानबाईच्या नैवेद्याचे रोट घरच्यांनी एकत्र बसून खायचे असतात. माझ्यावाचून यांच्या पानात काही पडणार नव्हतं, म्हणून ही घाई. लाईट गेली नसती तर ती हाक चार माणसांपलीकडे पोचली नसती. सगळा मांडव हसला, मीही हसले.

त्याच वर्षी थंडीत हे गेले. छातीत कळ आली आणि रिक्षा येईपर्यंत सगळं आटोपलं. मागे फोटो पुष्कळ राहिले. व्हिडिओही आहेत, पण मोबाईल समोर धरला की हे ताठ उभे आणि तोंडाला कुलूप. फोनवर "हां, बोल, ठेव" यापलीकडे कधी गेले नाहीत, आणि तेवढंही कुणी जपून ठेवलं नाही. त्यांचा आवाज म्हणून जे काही उरलंय ते त्या एका गाण्यात. दुपारी साड्यांना खडे चिकटवायला बसले की मी ते लावते. हाक येते, माझा हात थांबतो, मग गाणं मागे घेते. पुन्हा हाक. फार आठवण येते. सांगायला लाज कसली, येते.

आणि ग्रुपमध्ये काय चाललेलं? पुण्याचा एक मुलगा म्हणायचा, इतक्या सुंदर अल्बमला हे गाणं म्हणजे गालबोट, ताल घसरलाय आणि वर तो दारुडा. दारुडा! सुपारीच्या खांडापलीकडे व्यसन नसलेला माणूस. उचलली जीभ लावली टाळ्याला. बारडोलीची एक कॉलेजातली मुलगी त्याच्याशी तावातावानं भांडायची. तिचं म्हणणं, ताल सुटून परत सापडतो तिथंच तर अंगावर काटा येतो, बाकीची गाणी नुसती गोड आहेत. तिला जेवायला बोलवावं असं मला फार वाटायचं. कुणी म्हणे ओरडणं मुद्दाम घातलंय, कुणी म्हणे ड्रमवालाच प्यालेला. मी वाचायची, दातओठ खायची आणि मुलीला दिलेला शब्द पाळायची.

मग एक दिवस बँडनं कळवलं की अल्बम नव्यानं काढतोय, शेवटचं गाणं साफ करायचा विचार आहे, तुम्हाला काय वाटतं? बहुतेकांनी लिहिलं, करा, करा, आधी तो ओरडणारा काढा. मी फोन मुलीपुढे धरला. मुलीनं समजूत घातली, आई, जुनं गाणं तुझ्या फोनमध्ये आहे, मी आणखी दोन ठिकाणी ठेवून देते. तिचं चुकलं नव्हतं. पण माझ्या फोनमध्ये, माझ्या घरात ते होतेच की. बाहेर, लोकांत, कुठंतरी त्यांनी असायला नको का?

मला टाईप करायला जमत नाही. बटण दाबलं आणि बोलले.

"ते दारू प्यालेले नव्हते. माझे मालक होते ते. भूक लागली होती त्यांना, आणि मी उठत नव्हते. तेवढा आवाज राहू द्या रे बाबांनो. दुसरा नाही माझ्याकडे."

 मग त्या पुण्याच्या मुलानं माफी मागितली. त्याला अहिराणी कळत नव्हती, त्याला वाटलेलं कुणी शिवी देतंय. आणि मग त्यानं भीतभीत विचारलं, काकू, तुम्ही काय उत्तर दिलंत? ते ऐकू येत नाही.

ऐकू येईल कसं? नवी नवरी असताना मी हे कामाला होते त्याच कारखान्यात बॉबिन भरायला जायची. लूमपुढे घशाचं काही चालत नाही, म्हणून आम्ही हातानं बोलायचो. पाच बोटं उघडून हात वर केला की थांबा, येते. त्या संध्याकाळीही मी वळले आणि हातच वर केला. यांनी मान हलवली. हे त्या मुलाला काही मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बँडचा गाणारा पोरगा घरी आला, चहा घेतला, मान खाली. हाक कुणाची ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. काकूंना ऐकून त्रास होत असेल, म्हणूनच ती काढायला निघाले होते. आता ती तशीच राहील, म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

यंदाच्या कानबाईला त्याच जागी मांडव पडला. मागचा कारखाना आता सचिनच्या औद्योगिक वसाहतीत हलवलाय, भिंतीपलीकडे गोडाऊन आहे. बाहेरगावची पुष्कळ पोरं आली होती. शेवटचं गाणं सुरू झालं. त्या जागेवर पोचल्यावर बँड आपणहून थांबला. एवढ्या मोठ्या मांडवात चिडीचूप. मला वाटलं पुन्हा लाईट गेली. आणि मागून ती सगळी पोरं, यांना कधी न पाहिलेली, एका आवाजात ओरडली, "माले भूक लागनी वं, चाल घर!"

मी पुढे बायकांत होते, पूर्वीच्याच जागी. वळून मागच्या टोकाला पाहिलं. हात वर केला आणि पाचही बोटं उघडली. थांबा, येते.